वाचकांचे प्रश्न : बाबांच्या सामानाचं काय करायचं?

प्रश्न : माझे वडील 74 वर्षांचे आहेत. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर आई-बाबा दोघंच राहतात. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, बंद पडलेले रेडिओ, विजेच्या छोट्या मोटारी, वायरी, श्रीखंडाचे रिकामे डबे, काहीच टाकू देत नाहीत. सवय तरुणपणापासूनची, पण आता आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. रविवारी जुन्या बाजारातून आणखी काहीतरी येतंच. दोन वर्षांपूर्वी ते गावी गेले असताना भावाने टेम्पोभर सामान मोडीत काढलं. तेव्हापासून ते त्याच्याशी धड बोलत नाहीत, आणि खोली पुन्हा भरली. आई म्हणते, पानशेतच्या पुरात घरातलं सगळं वाहून गेलं, म्हणून हे असं. आम्ही काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुन्हा टेम्पो बोलावू नका, हे आधी. खोली भरते ती बाबांना ‘हे ठेवू की नको’ हे ठरवता येत नाही म्हणून. ते ठरवणं दुसऱ्याने परस्पर उरकलं, तर अडचण तशीच राहते आणि विश्वास मात्र जातो. मग माणूस कुलपं लावतो, मदतीला आलेल्यालाही दारातून परत पाठवतो.

आईंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. 12 जुलै 1961 ला ज्यांचं घर गेलं, त्यांच्या मनात ते राहणारच. पण केवळ वस्तूंची टंचाई सोसली म्हणून हा त्रास होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. माणसं गमावणं, मोठे मानसिक आघात यांच्याशी त्याचा संबंध अधिक वेळा आढळतो. त्यामुळे पुरावरून बाबांशी वाद घालू नका.

अतिसंचयाला, म्हणजे वस्तू साठवत जाण्याच्या आणि त्या टाकता न येण्याच्या या त्रासाला, 2013 मध्ये अमेरिकेच्या मनोविकार निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. म्हणजे हा आळस नाही आणि हट्टही नाही. तो बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि वयाबरोबर वाढत जातो. तुमच्या वडिलांचं तसंच दिसतं. हेच जर साठीनंतर एकाएकी सुरू झालं असतं, तर आधी स्मृतिभ्रंशाची तपासणी करायला सांगितलं असतं.

पहिलं काम सुरक्षिततेचं, आवराआवरीचं नंतर. दार, पलंग, संडास-बाथरूम आणि गॅस यांना जोडणारी तीन फूट रुंद वाट मोकळी करा. शेगडीच्या आसपास तीन फुटांत कागद, कापड नको. मीटरपेटीसमोर काही ठेवू नका, आणि एक्स्टेंशन बोर्ड गठ्ठ्यांखाली दबला असेल तर तो आजच काढा. रचलेला ढीग कमरेच्या वर गेला की घसरून अंगावर येतो. बाबांना ‘पसारा’ म्हणू नका. ‘आई रात्री उठते तेव्हा अडखळते, एवढी वाट करू या’ असं म्हणा. हे नाकारणं त्यांना अवघड जाईल.

मग निवडायला बसा. खोली धरून निवडू नका, एक जिन्नस धरा. सुरुवात डब्यांपासून करा, त्यांच्यात जीव कमी गुंतलेला असतो. रेडिओ सगळ्यात शेवटी. अर्धा तास, आठवड्यातून दोन-तीनदा, पुरे. समोर तीन खोकी : ठेवायचं, द्यायचं, मोडीत. वस्तू बाबांच्या हातात, निर्णय त्यांचा. तुम्ही न विचारता काही उचलायचं नाही. ‘कशाला हवंय?’ विचारलं की ते बचावाला उभे राहतात. असे किती आहेत, वर्षभरात वापरलं का, पुन्हा लागलं तर कुठे मिळेल, एवढंच विचारा. मागचं झाकण गेलेला, गँग (स्टेशन लावायचा आतला भाग) अडकलेला रेडिओ हातात घेऊन ते ‘एक दिवस चालू करीन’ म्हणतील. तेव्हा ‘पहिले तीन कुठले करायचे?’ असं विचारा आणि ते तीन टेबलावर येऊ द्या. बाकीच्यांचा विचार तिथून सोपा होतो.

काम फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, ‘नंतर बघू’चं चौथं खोकं. ते आलं की वस्तू या ढिगातून त्या ढिगात फिरते, घराबाहेर जात नाही. दुसरं, निवडलेलं सामान दारात राहतं आणि रात्रीत परत आत येतं. म्हणून रद्दीवाल्याला आधी सांगून ठेवा आणि त्याच दिवशी वजन करून द्या. देण्यापूर्वी मात्र प्रत्येक गठ्ठा उलटून झटका : ठेवींच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, क्वचित खरेदीखतसुद्धा वर्तमानपत्रांत निघतं. पावसाळ्यात ओल धरलेल्या गठ्ठ्यांत वाळवी आणि कसर असते. मास्क, हातमोजे वापरा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाने भिजवून मग पुसा.

येणारं सामान थांबलं नाही तर हे सगळं व्यर्थ. जुना बाजार बंद करायला सांगू नका, त्यांच्याबरोबर जा. पाहायचं, हाताळायचं, गप्पा मारायच्या आणि रिकाम्या हाताने परतायचं, असं आधी ठरवून. घ्यावंसं वाटण्याची ओढ थोड्या वेळाने ओसरते, हे अनुभवातूनच कळतं. उपचारातही हाच सराव करून घेतात.

त्या उपचाराला वर्तनोपचार म्हणतात आणि त्याला महिने लागतात. हमखास गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर औषधाने फरक पडतो. ससूनच्या मनोविकार विभागात दाखवता येईल, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येईल. बाबा तयार नसतील तर आधी तुम्ही आणि भाऊ बोला. घर लखलखीत होणार नाही, ती अपेक्षा सोडा. आईंना पलंगावर झोपता आलं, तरी बरंच साधलं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका आजींचं सामान जिन्यात आलं आहे. नोटीस द्यावी का?
– सचिव, बिबवेवाडी

उत्तर : जिना हा आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ता आहे, तिथे सवलत नको. पण नोटिशीआधी एकदा घरी जा, आणि जमल्यास त्यांच्या विश्वासातलं माणूस सोबत न्या. ‘सगळं काढा’ असं न म्हणता खडूने रेघ मारून ‘इथपर्यंतची जागा येत्या रविवारपर्यंत मोकळी हवी’ असं सांगा. उचलायला दोन माणसं द्या. काय कुठे जाणार ते मात्र आजींनाच ठरवू द्या. त्या नाही म्हणाल्या तर लेखी कळवा, आणि त्याची प्रत त्यांच्या मुलांनाही पाठवा.