‘दूध’चं ‘दध’ का झालं?

प्रश्न: आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी ॲण्ड्रॉइडचं छोटं ॲप केलंय. ‘दूध नोंद’, ‘दरपत्रक’, ‘दहा दिवसांचं बिल’ अशी बटणं अक्षरांसकट रंगवून 200 बाय 60 पिक्सेलची पीएनजी चित्रं केली. बाबांच्या जुन्या फोनवर ती झकास दिसतात, सचिवकाकांच्या नव्या फोनवर एवढीशी होतात. कोडमधलं ‘पीएक्स’ काढून ‘डीपी’ केलं तर मोठी झाली, पण धुरकट. शेवटी अक्षरं चित्रातून काढून वेगळी टाइप केली, तर काकांच्या फोनवर खालचा ऊकार कापला जाऊन ‘दूध’चं ‘दध’ झालं. ऑडिटरसाहेबांकडे तर आयफोन आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, करवीर तालुका

उत्तर: ताई, तुमची तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत. तुम्ही ती एकाच औषधानं बरी करायला बघताय.

आधी बारक्या बटणाचं बघू. बाबांचा फोन इंचाला 240 ठिपक्यांचा (ठिपका म्हणजेच तुमचा पिक्सेल, कोडमधला ‘पीएक्स’) आणि काकांचा 480 चा धरू. 60 ठिपके उंचीचं बटण बाबांकडे सव्वासहा मिलिमीटर भरतं. काकांकडे ठिपकेच निम्म्या आकाराचे, म्हणून तेच बटण तीन मिलिमीटरवर येतं. ज्वारीचा दाणा झाला की हो! पहाटे कॅनमध्ये हात घातलेल्या माणसानं ओल्या अंगठ्यानं तो कसा दाबायचा? म्हणून ‘डीपी’ वापरलंत ते बरोबरच केलंत. इंचाला 160 ठिपके असतील तर एक डीपी म्हणजे एक ठिपका, 480 असतील तर तीन. बोट टेकायची जागा कमीत कमी 48 डीपी ठेवा, म्हणजे साधारण पाऊण सेंटिमीटर. तुमच्या ॲपला मी 56 म्हणेन.

आता धुरकटपणा. 200 डीपी म्हणजे काकांच्या फोनवर 600 ठिपके, आणि तुमच्या चित्रात आहेत 200. उरलेले फोन अंदाजानं भरतो. मी आधी शिवाजी उद्यमनगरात कारखान्यांच्या पाट्या रंगवायचो. आमचे वस्ताद वहीच्या कागदावर बैल काढायचे, त्यावर चौकटी पाडायचे, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या आखायचे आणि रेघ कुठल्या चौकटीतून कुठल्या चौकटीत जाते ते बघत बैल उभा करायचे. कागदावरचा बैल वीतभर आणि भिंतीवरचा दहा फुटी, पण शिंगाची धार दोन्हीकडे सारखीच. व्हेक्टर चित्र हेच करतं. त्यात ठिपके नसतात, रेघ कुठून कुठे जाते एवढंच लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक फोन ती आपल्या ठिपक्यांत नव्यानं ओढतो. ॲण्ड्रॉइडमध्ये 2014 पासून, म्हणजे 5.0 पासून, ही सोय आहे. कॅनचं चिन्ह, वजनकाट्याचं चिन्ह एसव्हीजी या व्हेक्टर फाइलमध्ये काढा आणि ॲण्ड्रॉइड स्टुडिओच्या ‘व्हेक्टर ॲसेट’मधून आत घ्या. फक्त अख्खी म्हैस केसान् केस काढून त्यात घालू नका. व्हेक्टर किचकट आणि मोठं झालं की फोनला ते ओढायला वेळ लागतो. 200 बाय 200 डीपीच्या आतच ठेवा.

आणि बटणाच्या पाठीमागच्या रंगाला तर चित्रच लागत नाही. ‘शेप’ची एक्सएमएल फाइल करा: रंग, कोपऱ्याची गोलाई, हवी तर कडेची रेघ. आठ-दहा ओळींत काम होतं.

लाकडाचा पोत किंवा उठावदार कड असलं काही हवंच असेल, तर नाइन-पॅच वापरा. पीएनजी चित्राभोवती एक ठिपका रुंदीची जास्तीची चौकट ठेवायची आणि तिच्यावर काळ्या रेघा मारायच्या. वरची आणि डावीकडची रेघ सांगते की चित्र कुठे ताणायचं. उजवीकडची आणि खालची सांगते की अक्षरं कुठे बसवायची. कोपरे रेघेबाहेर ठेवलेत की ते ताणले जात नाहीत, गोल ते गोलच राहतात. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.9’ आणि मग पीएनजी. रेघ मात्र कुळकुळीत काळी हवी, आणि उरलेली चौकट पूर्ण पारदर्शक. एकदा मी तयार नाइन-पॅच एडिटरमध्ये तसाच दुप्पट केला. एका ठिपक्याची रेघ दोन ठिपक्यांची करडी झाली आणि कोडपासून ॲप तयारच (बिल्ड) होईना. रात्री दोनपर्यंत मी कोडमधली चूक शोधत बसलो होतो, आणि चूक होती त्या करड्या रेघेत. म्हणून आधी चित्र मोठं करा, रेघा नंतर मारा.

ठिपक्यांचं चित्र वापरायचंच असेल, तर प्रत्येक घनतेसाठी, म्हणजे इंचाला किती ठिपके त्यानुसार, वेगळं करावं लागतं. 48 डीपीच्या चिन्हासाठी एमडीपीआयला (इंचाला 160) 48 ठिपके, एचडीपीआयला (240) 72, एक्सएचडीपीआयला (320) 96, मग 480 ला 144 आणि 640 ला 192. सगळ्यात मोठं आधी काढा आणि त्यावरून लहान करत या. तुमची चित्रं बहुधा नुसत्या ‘ड्रॉएबल’ फोल्डरमध्ये पडली असतील. तिथलं चित्र 160 च्या पडद्यासाठीच आहे असं ॲण्ड्रॉइड समजतं, आणि बाकी फोनवर फुगवतं.

आता ‘दध’. काकांनी सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय, चष्मा लागलेली माणसं ठेवतातच. अक्षरं ‘एसपी’मध्ये मोजली जातात, ती सेटिंगप्रमाणे वाढतात. तुमच्या बटणाची उंची मात्र पक्की. इंग्रजीत एवढ्यावर भागून जातं, पण आपल्या लिपीला वर वेलांटी आणि खाली ऊकार, दोन्हीकडे जागा लागते. उंचीला ‘रॅप कंटेंट’ द्या, म्हणजे अक्षरांप्रमाणे बटण वाढेल, ‘मिन-हाइट’ (कमीत कमी उंची) 56 डीपी ठेवा, वरखाली थोडं पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, सोडा. ‘इन्क्लूड फॉण्ट पॅडिंग’ (अक्षरांच्या वरखाली जादा जागा ठेवणारं सेटिंग) कुणाचं ऐकून बंद केलं असेल तर चालू करा. ‘दहा दिवसांचं बिल’ दोन ओळींत गेलं तर जाऊ दे. आणि अक्षरं परत चित्रात कोंबू नका. उद्या संस्थेनं ‘नोंद’च्या जागी ‘संकलन’ म्हणायचं ठरवलं तर सगळं पुन्हा रंगवत बसाल.

एवढं करूनही दोन फोन शेजारी ठेवले तर मिलिमीटरभर फरक दिसेल. पडद्याची खरी घनता आणि फोन सांगतो ती घनता तंतोतंत जुळत नाही. शिवाय ॲण्ड्रॉइड 7 पासून ‘डिस्प्ले साइझ’ वेगळी बदलता येते, त्यामुळे एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे दोन फोनही वेगळे दिसतात. काकांच्या फोनचं तेही सेटिंग बघून घ्या. माझ्या टेबलाच्या खणात तीन जुने फोन आणि एक पोलादी पट्टी असते. पडद्यावर पट्टी ठेवून मी बटण मोजतो.

आयफोनचं गणित जवळपास असंच आहे: चित्राच्या दुप्पट आणि तिप्पट अशा दोन प्रती, आणि बोटाला 44 पॉइंट (पॉइंट म्हणजे आयफोनचा डीपी). पण त्यासाठी ॲपच वेगळं बांधावं लागेल, आणि ऑडिटरसाहेब काही पहाटे पाचला दूध मोजायला येत नाहीत. त्यांना बिलाची पीडीएफ पाठवा.