पुरवणी मागणीत रस्ता आला, गिट्टी का नाही?

प्रश्न : नागपूर अधिवेशनात आमचा रस्ता मंजूर झाल्याचे फलक चौकात लागले. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत नावही सापडले, पण पुढे रक्कम फक्त 1,000 रुपये! छपाईची चूक की काय? गिट्टीचा एक ट्रकही आलेला नाही.
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : चूक नाही. पुरवणी मागणी म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या नव्या किंवा वाढीव खर्चासाठी सरकारने मागितलेली मंजुरी. त्यातली ही लाक्षणिक, म्हणजे नावापुरत्या रकमेची, मागणी आहे. अर्थसंकल्पात नसलेल्या नव्या बाबीवर विधानसभेच्या संमतीशिवाय खर्च करता येत नाही (राज्यघटना, कलम 205). पैसा त्याच मागणीतल्या (म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्याच खर्च-गटातल्या) दुसऱ्या कामांच्या बचतीतून वळवायचा असला, तरी संमती लागतेच. ती घेण्यापुरते हे हजार रुपये. बाकी रक्कम पुनर्विनियोजनाने, म्हणजे अशी बचत वळवून, यायची. बचतच झाली नाही, तर रस्ता पुस्तिकेतच राहतो. फलकावर एवढे कोण लिहिणार?

पुस्तिका चाळताना आधी पानाच्या माथ्यावरचे एकक बघा. ‘रुपये हजारात’ असेल, तर रकान्यातला नुसता 1 म्हणजे हजार रुपये. मग लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या प्रकाराचा सांकेतिक क्रमांक: 5054 म्हणजे रस्ते-पुलांचा भांडवली खर्च, 3054 मध्ये मुख्यतः देखभाल-दुरुस्ती. खरी गोम खालच्या स्पष्टीकरणात असते. पैसा नव्याने लागणार की बचतीतून भागवणार, ते तिथे कळते. एकूण आकड्यांचेही तसेच. 2025 च्या पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या 57,509 कोटींच्या होत्या, तिजोरीवरचा निव्वळ भार मात्र 40,644 कोटी.

सभागृहात एकेका रस्त्यावर चर्चा होत नाही. वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. मत फक्त विधानसभेत होते, विधान परिषदेत नाही. तेव्हा पाठपुरावा विधानसभेच्या आमदारांकडेच करा.

डिसेंबरात मंजुरी मिळाली, तर 31 मार्चपर्यंत जेमतेम तीन महिने उरतात. तेवढ्यात प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश व्हायचा. न खर्चलेली तरतूद वर्षअखेर व्यपगत (रद्द) होते. म्हणून बांधकाम विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘रस्ता कधी होणार’ असे विचारू नका. प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक, आणि ‘बीम्स’ या राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर या कामासाठी वितरित झालेली रक्कम, एवढेच मागा. उत्तराची मुदत 30 दिवस.

रस्ता ग्रामीण मार्ग असेल, तर मात्र जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग गाठा.