तो काळजीपोटीच बोलतो, मग मला राग का येतो?

"फोटो काढायच्या आधी मी पोह्यांवरची शेव बाजूला काढते. फोटो पाठवून झाला की परत घालते." माझ्याकडे समुपदेशनाला आलेली नेहा पहिल्याच भेटीत एवढं बोलली आणि रडायला लागली. शेवेपायी रडतोय याचीच तिला जास्त लाज वाटत होती. वय 24, गाव सांगलीकडचं, नोकरी पुण्यात. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. लिहायची परवानगी दोघांनीही दिली आहे.

अनिकेतशी तिचं दोन वर्षांपासून जमलेलं, दोन्ही घरी माहीत, पुढच्या वर्षी लग्न करायचं ठरलेलं. पहिलं वर्ष दोघांनी मिळून खाण्यात घालवलं. दोघंही कॉट बेसिसवर, म्हणजे दुसऱ्यांसोबतच्या खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन राहणारे, रूमवर भेटता येत नाही, मग हॉटेल, टपरी, आइस्क्रीम. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोड्यांचं असंच असतं. बसायला जागा नसते, म्हणून काहीतरी मागवून बसतात. दोघांचंही वजन वाढलं. मग अनिकेतनं जिम लावली, अंडी-पनीर-सॅलडवर आला, चार महिन्यांत चांगला बारीक झाला आणि नेहाच्या मागे लागला. सकाळी "किती चाललीस?", दुपारी डब्याचा फोटो, रात्री "भात खाल्लास का?" एकदा मैत्रिणींसमोर त्यानं तिच्या हातातली गुलाबजामची वाटी हसत हसत काढून घेतली. तेव्हापासून ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या आड उभी राहून वडापाव खायला लागली. भूक असो वा नसो, दोन-दोन, तीन-तीन.

"मॅडम, तो माझ्या भल्यासाठीच सांगतो ना? मग मला राग का येतो? माझंच चुकतंय का?" हा प्रश्न मी तरुण मुलींकडून फार वेळा ऐकते, हल्ली मुलांकडूनही.

उत्तर द्यायच्या आधी मला काही गोष्टींची खात्री हवी होती. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढतेस का, दिवसदिवस उपाशी राहतेस का, चक्कर येते का, पाळी वेळेवर येते का? यातलं काही निघालं असतं तर आधी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. खाण्याचे आजार नुसत्या बोलण्यानं आवरत नाहीत, तिथे वेळ घालवू नये. मग विचारलं, "फोटो नाही पाठवला तर काय होतं?" ती म्हणाली, "काही नाही. फुगून बसतो, नंतर स्वतःच फोन करतो." म्हणजे धाक नव्हता. कपडे, पैसे, मैत्रिणी, फोन यांवरही त्याचा पहारा असता, तर मी त्याला तिच्यासोबत बोलावलंच नसतं.

राग येणं बरोबर आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. जेवणाऱ्याला टोकू नये, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. ज्याच्याजवळ सैल होऊन बसायचं, त्याच्याचसमोर पोट आत ओढून बसावं लागलं तर माणूस खाणं लपवायला लागतो, आणि लपून खाताना हात लवकर थांबत नाही.

तिसऱ्या भेटीला अनिकेत आला. फोनवरचं ॲप उघडूनच बसला. "मॅडम, हिचा बीएमआय 24 आहे. भारतीयांसाठी 23 पासूनच जास्त वजन धरतात." बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारं माप. आकडा बरोबर होता, मी तसं म्हटलंही. मग विचारलं, "ही काळजी तुला कधीपासून लागली?" तो बराच वेळ फोनची कड घासत बसला. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ते 49 वर्षांचे होते. आयसीयूबाहेरच्या बाकावर आई सारखी म्हणत होती, "मी ह्यांना कधी टोकलंच नाही रे." नेहा हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग मी बोलायचंच नाही का?" त्यानं विचारलं, अगदी कळवळून. मी त्याला अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातल्या एमी गोरिन यांच्या गटाचा 2018 सालचा अभ्यास सांगितला. 130 जोडपी होती, वजन उतरवायला मदत मिळाली ती प्रत्येक जोडप्यातल्या एकालाच. सहा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, त्या जोडीदारांतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचं वजनही 3 टक्के किंवा जास्त उतरलेलं. वजन वाढण्याचंही तसंच. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅममधल्या लोकांची 32 वर्षांची माहिती 2007 साली तपासली, तेव्हा नवराबायकोपैकी एक लठ्ठ झाला की दुसऱ्याचीही लठ्ठ व्हायची शक्यता 37 टक्क्यांनी वाढलेली दिसली. "तुमचं पहिलं वर्ष आठव," मी म्हटलं, "आइस्क्रीम खा म्हणून कुणी कुणाच्या मागे लागलं होतं का?"

फोटो त्या दिवसापासून बंद झाले. ताट समोर असताना ताटाबद्दल बोलायचं नाही, आणि भीती वाटली तर "मला भीती वाटते" एवढंच म्हणायचं, हे दोघांनी माझ्यासमोर ठरवलं. व्यायामाचं मी नेहाला विचारलं. तिला जिम नकोच होती. चालायला आवडायचं, पण पहाटे टेकडीवर एकटीनं जायची धास्ती. म्हणून शनिवार-रविवार दोघं तळजाईला जायला लागले. इतर दिवशी रात्रीचा अर्ध्या तासाचा फोन दोघंही आपापल्या सोसायटीत चालत चालत करतात. आठवड्याला निदान 150 मिनिटं हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांची ती बोलण्यातच होतात.

पार्किंगमधले वडापाव तिनं त्याला पाचव्या भेटीत सांगितले. तो काहीच बोलला नाही, डोळे मात्र भरून आले. सवय लगेच गेली नाही, हळूहळू कमी झाली. मध्ये एका लग्नाच्या पंगतीत त्यानं पुन्हा तिच्या ताटाकडे पाहिलं. तिनं हळूच विचारलं, "बाबा आठवले का?" त्यानं मान हलवली आणि तिला मठ्ठा वाढला.

सगळ्यांचं असं होत नाही. दुसऱ्या एका मुलीला तिचा मित्र रोज वजनकाट्यावर उभं करायचा, आकडा वाढला की दोन-दोन दिवस बोलायचा नाही. माझ्याकडे यायलाही त्यानं नकार दिला. तिनं ते नातं संपवलं, त्यानंतरही ती चार महिने येत राहिली. आधी झोप परत आली, मग सकाळचा नाश्ता.