घरच्या घरी योगासनं : आधी एक तासाचा हट्ट सोडा

ताई, तुम्ही लिहिलंय की तीनदा सुरू केलं, दर वेळी तासाभराचा व्हिडिओ लावून केलं आणि दहा-बारा दिवसांत सुटलं. वय 42, सकाळी अंग आखडलेलं असतं, गुडघा कुरकुरतो, आणि आता चौथ्यांदा सुरू करायची भीती वाटते. मी 14 वर्षं घरीच करतेय आणि त्यातली पहिली दोन वर्षं अगदी तुमच्यासारखीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळ कमी करा. पंधरा मिनिटं, बस. तासाचं गणित क्लासचं असतं, तिथे समोर शिक्षक असतात, आजूबाजूला माणसं असतात, तास कसा गेला कळत नाही. घरात तो तास कोणीतरी मोडतंच, कधी फोन, कधी मुलं, कधी बेल, आणि मग आज पूर्ण होणार नाही असं वाटलं की आपण सुरूच करत नाही. माझं दोन वर्षं हेच होत होतं. ज्या दिवशी पंधरा मिनिटंही नाहीत त्या दिवशी नुसतं ताडासन (ताठ सरळ उभं राहणं) आणि पाच मिनिटं शवासन करा, पण मॅट उघडा. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास पक्का कसा होतो ते सांगताना दीर्घकाळ, खंड न पडता आणि मनापासून एवढंच म्हटलंय, रोज किती वेळ ते त्या सूत्रात नाही. मला याचा फार आधार वाटतो.

दुसरं म्हणजे व्हिडिओ शिकण्यापुरता बघा, करताना बंद ठेवा. मान सारखी स्क्रीनकडे वळते आणि श्वास आपला पण वेग दुसऱ्याचा असं होतं. सहा-सात आसनांचा क्रम पाठ करा आणि महिनाभर तो बदलू नका. तुमच्यासाठी मी हा सुचवेन : ताडासन, मग मार्जारासन (हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं, गुडघ्यांखाली घडी केलेलं ब्लँकेट), अधोमुख श्वानासन (हात-पाय जमिनीवर, कंबर वर उचललेली) गुडघे वाकवूनच, टाचा जमिनीला टेकल्या नाहीत तरी काही बिघडत नाही, पाठ लांब होणं महत्त्वाचं. मग भुजंगासन (पालथं झोपून छाती वर उचलणं), सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं), पाठीवर झोपून दोन्ही बाजूंना पीळ, आणि शवासन. प्रत्येकात पाच सावकाश श्वास, नाकाने. श्वास अडकायला लागला की समजायचं आपण जास्त ओढतोय, तिथून थोडं मागे यायचं.

सकाळच्या आखडण्याबद्दल. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या कमरेतून खोल वाकलं की त्यांच्यावर दिवसभरापेक्षा जास्त ताण येतो. मला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी थंडीत अंथरुणातून उठून थेट पश्चिमोत्तानासनात (पाय समोर लांब करून पुढे वाकायचं आसन) बसले, नाक गुडघ्याला लावायचंच असं डोक्यात होतं, आणि कंबर धरली ती तीन आठवडे मोजे घालायलाही वाकता येईना. तेव्हापासून उठल्यावर निदान अर्धा तास तरी पुढे वाकायचं नाही हा माझा नियम आहे. तुम्हाला संध्याकाळ सोयीची असेल तर बिनधास्त संध्याकाळी करा, अंग तेव्हा मोकळं असतं, फक्त पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या.

पश्चिमोत्तानासन पुढे कधी घेतलंत तर ब्लँकेटच्या घडीवर बसा, गुडघे वाकवा आणि खुब्यातून पुढे या, पाठीची कमान करून नाही. मांडीच्या मागे मध्यावर ताण जाणवला तर ठीक, पण बैठकीच्या हाडापाशी दुखलं तर लगेच सोडा, तिथली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) दुखावली की बरी व्हायला महिनोन् महिने लागतात.

गुडघ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. पद्मासनाच्या वाटेला आत्ता जाऊच नका. पाय वळतो तो खुब्यातून वळायला हवा, खुबा आखडलेला असला की तो सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि गुडघा पिळण्यासाठी बनलेलाच नाही. साधी मांडी घालायची तर उंच उशीवर बसा म्हणजे गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील. भिंतीला टेकून पाय लांब करून किंवा खुर्चीत बसून प्राणायाम केला तरी तो प्राणायामच आहे. अनुलोम-विलोम पाच मिनिटं पुरे. कपालभाती (पोट आत ओढत झटक्याने श्वास सोडणं) हाय बीपी, हर्निया किंवा गरोदरपणात नको, आणि शीर्षासन घरी एकटीने शिकू नका, काचबिंदू असेल तर अजिबातच नको कारण उलटं झाल्यावर डोळ्यातला दाब वाढतो.

मध्ये ताप येईल, पाहुणे येतील, चार दिवस जातील. पाचव्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट करू नका, तीच पंधरा मिनिटं पहिल्या आसनापासून. मी मॅट गुंडाळून कपाटात ठेवणं बंद केलं, ती पलंगाशेजारीच उभी असते, एवढ्याने खरंच फरक पडला. आणि शवासन घाईत कापू नका, बहुतेक जण तिथेच वेळ वाचवतात.

गुडघा नेमका कुठे दुखतो, वाटीच्या पुढे की आतल्या बाजूला, आणि जिना उतरताना जास्त की चढताना, ते लिहा. सूज असेल किंवा मध्येच अडकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, नाहीतर वज्रासन पोटरी आणि मांडीच्या मध्ये घडी ठेवून कसं करायचं ते मी सांगते.