‘शी! त्यांच्यात असलं चालतं?’

दुसऱ्या प्रांतात मुलगी द्यायची वेळ आली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच वळणाचा असतो. ‘त्यांनी आमच्या रीतीला नावं ठेवली. आता त्यांच्या नजरेत आम्ही कायमचे हलके झालो. अशा घरात आमची मुलगी सुखी राहील का?’ देण्याघेण्यावरून, मानपानावरून अडलेली लग्नंही येतात, पण तिथे निदान बोलणी चालू असतात. एकमेकांच्या रीतीचीच किळस आली की बोलणंच खुंटतं. म्हणून हा एक अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू जत तालुक्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. लेक पुण्यात नोकरीला. तिथेच तिचं हरियाणातल्या रोहतककडच्या एका मुलाशी जमलं. दोन्ही घरांनी आढेवेढे घेत का होईना, होकार दिला आणि मुलाचे आईवडील यांच्या घरी आले. पोहे-चहा झाला. बोलता बोलता मुलाच्या आईने विचारलं, तुमचं लग्न कसं जमलं? काकू मोकळेपणाने म्हणाल्या, ‘त्यात जमवायचं काय, हे माझे आतेभाऊच की! आत्याच सासू झाली माझी.’ लेकीने ते हिंदीत सांगितलं. त्या बाईंनी हातातली बशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, ‘हमारे यहाँ तो ये भाई-बहन हुए.’ पुढे भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. पाहुणे वेळेवर गाडीत बसले. पण त्या दिवसापासून काकूंनी शेजारीपाजारी जाणं सोडलं आणि लेकीला एकच सांगत राहिल्या, ‘मोडून टाक.’

पहिल्या भेटीत त्या बराच वेळ हरियाणाबद्दलच बोलल्या. तिथे बायका डोक्यावरून पदर ओढून बसतात, पंचायती लग्नं मोडतात, मुली पोटातच मारतात, आणि ही माणसं आम्हाला शिकवणार! हे मला नेहमी दिसतं. आपल्या रीतीला कुणी बोट लावलं की आपण आपल्या रीतीबद्दल बोलत नाही, समोरच्याच्या घरात काय कुजलंय ते शोधू लागतो. मी त्यांना अडवलं नाही. एवढंच विचारलं, ‘त्या बाई तुमचा अपमान करायला म्हणून बोलल्या, की त्यांना खरंच धक्का बसला?’ काकू जरा थांबून म्हणाल्या, ‘धक्का बसला. तोंड उतरलं होतं त्यांचं.’

तो धक्का खोटा नव्हताच. रोहतककडच्या शेतकरी घरात लग्न ठरवताना स्वतःचं गोत्र टाळतात, आईचं टाळतात, बरेचदा आजीचंही टाळतात. गावातली प्रत्येक मुलगी गावच्या मुलांची बहीण धरतात आणि सून बाहेरगावाहूनच आणतात. मामाच्या मुलाला राखी बांधत मोठी झालेली बाई ‘मामाची मुलगी केली’ हे ऐकून आणखी काय करणार? आपल्याकडे तर अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क समजतात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नातेसंबंधांच्या पद्धतींवरून भारताचे विभाग पाडून दाखवले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. म्हणून आपल्याकडे मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. हा फरक बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला बसलं तर आपल्यालाच धड कारण देता येत नाही. कायद्यातही ही सांधेजोड दिसते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भावा-बहिणीच्या मुलांचं आपसातलं लग्न निषिद्ध नात्यात धरलं आहे, पण दोघांच्या समाजात तशी रूढी असेल तर ते वैध आहे.

दुसऱ्या भेटीत मी टेबलावर मोठा कागद पसरला आणि काकूंच्या हातात पेन्सिल दिली. घराण्याचा नकाशा काढायचा: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ, आणि नात्यातलं लग्न असेल तिथे एकाऐवजी दोन रेघा. डॉक्टर लोकही वंशावळ अशीच काढतात. काकूंनी स्वतःचा गोल काढला, नवऱ्याचा चौकोन काढला आणि दोन रेघा ओढल्या. मग आईवडिलांची जोडी, एक रेघ. आजी-आजोबांपाशी पेन्सिल अडली. ‘आजीसुद्धा मामाचीच,’ म्हणाल्या आणि तिथेही दोन रेघा आल्या. थोड्या वेळाने, मी काही न विचारता, त्यांनी शेजारणीची गोष्ट काढली. शेजारीण कर्नाटकातल्या अथणीकडची, लग्न सख्ख्या मामाशी झालेलं. ‘माझी तिच्याशी चांगली ओळख आहे हो मॅडम, पण ते पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटाच आला. सख्खा मामा! शी! त्यांच्यात असलं चालतं म्हणे.’

मी काही बोलले नाही. काकू कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे रोहतकच्या बाईला माझ्याबद्दल असंच वाटलं असणार.’

हे त्यांचं त्यांना उमगलं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. मी सांगितलं असतं तर तो उपदेश झाला असता. प्रत्येक घर सीमारेषा आपल्या उंबऱ्याच्या जरा पलीकडे आखतं. आपण जे करतो ते रीतीत बसतं, आपल्याहून एक पाऊल पुढे जाणारा मात्र रीत सोडतो. अथणी, जत आणि रोहतक या तिन्ही घरांत आपापल्या जागी लाज आहे, मर्यादा आहे, फक्त रेघ वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

पण एवढ्यावर थांबून ‘ज्याची त्याची संस्कृती, सगळंच बरोबर’ असं म्हणायला मी तयार नसते. तसं म्हणणं सोपं असतं आणि त्याने घरातलं दुखणं झाकलं जातं. काकूंच्या कागदावर त्यांच्या गोलाखाली दोन मुलं होती. धाकटी ही लेक आणि थोरला मुलगा, जन्मापासून ऐकू न येणारा. त्याचा चौकोन काढताना त्यांनी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. तो लहान असताना एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, ‘नात्यात लग्न आहे का?’ काकूंनी ‘हो’ म्हटलं. त्यावर कुणी पुढे काही समजावलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा कुणाला विचारलं नाही. ‘त्या बाई बोलल्या ना, ते मी माझ्याशीच इतकी वर्षं बोलत होते,’ असं म्हणून त्या रडल्या.

तेव्हा अपमान बाहेरून आलेला असला तरी तो झोंबला आतल्या शंकेमुळे. आणि शंकेला उत्तर मिळायला हवं, नुसता धीर पुरत नाही. सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीत चौथा. त्यामुळे दोघांकडूनही एकच दोष बाळाला मिळण्याची शक्यता वाढते. एरवी बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याचा धोका शेकडा दोन-तीन असतो, सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात तो साधारण पाच-सहापर्यंत जातो. म्हणजे धोका खराच आहे आणि अशा लग्नांत जन्मलेली बहुसंख्य मुलं निरोगी असतात हेही खरं आहे. एखाद्या मुलाच्या बाबतीत कारण तेच होतं का, हे तपासणीशिवाय कुणीच सांगू शकत नाही. काकूंना मी हे असंच सांगितलं. ‘तुमचा काही दोष नाही’ एवढं म्हणून सोडलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. बारावीची परीक्षा झाल्यावर त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, आत्याने मागणी घातली आणि लग्न झालं. ज्यात त्यांचं मत घेतलंच नाही, त्याची शिक्षा त्या स्वतःला देत होत्या.

देशात अशी लग्नं काही तुरळक नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर साधारण ११ टक्के, तर तमिळनाडू आणि कर्नाटकात पाव हिश्श्याहून जास्त लग्नं नात्यातली आढळली. त्या सगळ्या घरांना किळशीने बघून काहीच साधत नाही, माहिती दिली तर पुष्कळ साधतं.

लेकीशी मी वेगळी बोलले. तिच्या मनात हरियाणाचं एक चित्र पक्कं बसलं होतं. तिला मी कागदावर तीन रकाने पाडायला सांगितले: मी स्वतः काय पाहिलं, मला काय वाटलं, त्यावरून मी काय ठरवलं. पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहिला. पाहिलेलं एवढंच, की मुलाची आई सासऱ्यांचा फोन आला तरी डोक्यावर पदर घेते. बाकी सगळं बातम्यांतलं होतं. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. २००७ साली कैथल जिल्ह्यात सगोत्र लग्न केलेल्या जोडप्याचा खून झाला आणि २०१० मध्ये कर्नालच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावली. पण नगर जिल्ह्यात सोनईला २०१३ मध्ये जातीवरून तिघांना मारलं, ते आपल्याच महाराष्ट्रात. तेवढ्यावरून कुणी तिला मराठी म्हणून नाकारलं असतं तर? मी तिला म्हटलं, तुझी भीती रास्त आहे, फक्त ती प्रांताला विचारू नकोस, त्या घराला विचार. मला पदर घ्यावा लागेल का? नोकरी कोण ठरवणार? सणाला माहेरी यायचं तर परवानगी लागेल का? रीतीत कुणाचं नुकसान होतंय आणि ज्याचं होतंय त्याला ‘नाही’ म्हणता येतंय का, हे मी प्रत्येक रीतीबाबत विचारते, मग ती कुणाचीही असो. अंगावर काटा येणं हा काही पुरावा नव्हे.

तिने विचारलं. पदराबद्दल उत्तर आलं की गावी देवळात आणि मोठ्या दीरांसमोर घ्यावा लागेल, पुण्यात नाही. तिला ते चाललं. सगळ्या मुलींना चालेल असं नाही, चालू नये असंही मला वाटतं, पण निर्णय तिचा होता.

काकूंचे यजमान निवृत्त शिक्षक. त्यांना मी बौधायन धर्मसूत्र या प्राचीन ग्रंथाबद्दल सांगितलं. त्यात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेची चाल म्हणून नोंदली आहे आणि उत्तरेच्या वेगळ्या चाली दिल्या आहेत. ते खूश झाले, व्याह्यांना हे वाचून दाखवतो म्हणाले. मी म्हटलं, काका, त्यात ज्या प्रदेशाची चाल त्या प्रदेशातच चालते असंही आहे. एकाची चाल दुसऱ्याने केली तर दोष लागतो. म्हणजे तुम्ही जिंकलात तसे तेही जिंकले.

मग व्हिडिओवर दोन्ही घरं समोरासमोर बसली. त्याआधी मुलाच्या मदतीने मी त्याच्या आईशी बोलले होते, तेव्हा कळलं की त्यांना किळशीपेक्षा भीती जास्त होती. त्यांनी काकूंच्या थोरल्या मुलाला पाहिलं होतं आणि नातवंडाचं काय होईल हा घोर लागला होता. याला उत्तर होतं. आईवडील नात्यातले आहेत एवढ्यामुळे, नात्याबाहेर लग्न करणाऱ्या मुलीच्या बाळाचा धोका वाढत नाही. भावाचं बहिरेपण आनुवंशिक असेल तर ती वाहक असू शकते, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी तो दोष बाळाला देऊ शकते, म्हणून दोघांनी जनुकीय सल्लागाराला भेटावं हे शहाणपणाचं. दोघांनी लगेच होकार दिला. काकूंनी स्वतः मुलाबद्दल, डॉक्टरांच्या त्या प्रश्नाबद्दल सांगितलं. रोहतकच्या बाई ऐकत राहिल्या आणि मग त्यांच्या एका नणंदेच्या मुलाबद्दल बोलल्या, जो नात्यातलं लग्न नसतानाही तसाच जन्मला होता.

काकांना राहवलं नाही. ‘अर्जुनाने सुभद्रा केली, ती मामाचीच होती की!’ मुलाचे वडील हसले. ‘वो तो भगवान की लीला थी, गुरुजी.’ पहिल्यांदाच सगळे मोकळेपणी हसले.

लग्न ठरलं. त्यांच्या बिरादरीत हे नातं सांगायचं की नाही, यावर अजून एकमत नाही. काकूंचं म्हणणं, विचारलं तर लपवणार नाही. मुलाच्या आजोबांना अजून काही कळवलेलं नाही आणि मुलाची आई त्या विषयावर गप्प राहते. कानपिळीवरूनही थोडी तणातणी झाली. नवऱ्या मुलाचा कान मुलीच्या भावाने पिळायचा, हे त्यांच्या थोरल्या काकांना पटेना, कारण त्यांच्याकडे मुलाकडच्यांचा मान वरचा. मुलाने सांगितलं की कान माझा आहे, पिळू द्या. थोरल्या भावाने कान पिळायचा आणि सांगलीत वरात घोडीवरून काढायची, असं सध्या ठरलं आहे.