पाणलोट वाचवायच्या कामात ग्रामपंचायत, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), महापालिका यांना कसं ओढायचं?

तुम्ही लिहिलंय की मुळशीकडच्या गावात तुमचा ग्रुप डोंगरावर चर खणतो, झाडं लावतो, आणि खाली त्याच ओढ्याला खेटून प्लॉटिंग जोरात चालू आहे, तर सरकारी लोकांना यात आणायचं कसं. मी बावधनला राहतो, राम नदीच्या कामात अधूनमधून असतो, त्यामुळे इथे जे बघितलं त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे 'निसर्ग वाचवा' टाइप निवेदन घेऊन जाऊ नका. पोच मिळते, शिक्का बसतो, फोटो निघतो, विषय संपला. समोरच्याला सही करता येईल असं काहीतरी नेमकं द्या, एखादा ठराव, नकाशावरची एक रेघ, नाहीतर बजेटमधली एक ओळ.

खरी गोची अशी आहे की पाणी एकाकडे आणि जमीन दुसऱ्याकडे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास हा पंचायतींचा विषय म्हणून सरळ लिहिलाय, पण कुठल्या जमिनीवर काय होणार हे ठरतं 1966 च्या एमआरटीपी म्हणजे नगररचनेच्या कायद्याने, आणि पुण्याच्या आजूबाजूला ते काम 2015 पासून पीएमआरडीएकडे. म्हणजे बंधारा ग्रामपंचायतीने बांधायचा आणि त्याच्या वरच्या अंगाला लेआउट दुसऱ्याच ऑफिसातून पास होणार. राम नदीचंच बघा ना, वर भूकूम, भूगाव ग्रामपंचायती, मग बावधन बुद्रुक जे 2021 ला पालिकेत आलं, मग पाषाण, बाणेर पालिकेत आधीपासूनच, पूररेषा आखणार जलसंपदा खातं, टेकडीवर कुठे वन खातं. पाण्याला यातलं काही माहीत नसतं, ते उतार बघून येतं.

पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराचं तर सगळ्यांना आठवत असेल. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात माणसं दगावली, नंतर चर्चा काय तर भिंती बांधा, कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोऱ्या) मोठे करा. ते हवंच, पण हा ओढा येतो त्या कात्रज तलावाच्या वरची भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावं तेव्हा पालिकेच्या हद्दीतच नव्हती, ती आली 2021 मध्ये. पूर एका हद्दीत आणि त्याचा उगम दुसऱ्या हद्दीत, मग जबाबदार कोण?

म्हणून ओढा आधी कागदावर आणा. भूमी अभिलेखकडून गाव नकाशा काढा, गावातला एखादा जुना शेतकरी बरोबर घ्या (रिटायर्ड तलाठी मिळाला तर सोन्याहून पिवळं) आणि भर पावसात ओढा चालत जा, उन्हाळ्यात नाही. आमच्या बाजूला एका ठिकाणी नकाशावर ओढा चांगला दोन रेघांचा दाखवलाय, आणि जागेवर काय तर भराव, त्यावर सिमेंटचा रस्ता आणि खालून दोन पाइप, त्यातल्या एकाच्या तोंडाशी गादी अडकलेली. पाणी तुंबून शेजारच्या गोठ्याच्या भिंतीला लागलेलं होतं. बरोबरचे आजोबा म्हणाले, 'इथनं बैलगाडी उतरायची ओढ्यात.' अशी प्रत्येक जागा गट नंबरासकट फोटोत घ्या, कारण गट नंबर नसेल तर कुठलंच ऑफिस तुमचं ऐकत नाही.

हे सगळं घेऊन ग्रामसभेत जा. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा सोडू नका, त्या सुमाराला पुढच्या वर्षाचा गाव विकास आराखडा ठरायला लागतो. सरपंचाला जैवविविधता सांगू नका, टँकर सांगा, कुठली विहीर मार्चमध्ये आटते ते सांगा. पैसे नाहीत म्हणाले तर विचारा बंधित निधीचं काय झालं, 15व्या वित्त आयोगात 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, आणि सलग समतल चरांसारखी कामं रोहयोतून होतात. ठराव मात्र मोघम नको. 'अमुक गटांमधून जाणारा ओढा मोजून हद्द कायम करावी, त्यावर भराव वा वळण याला ग्रामपंचायतीचा विरोध आहे' इतका स्पष्ट हवा.

आता यावर कोणीतरी हिवरे बाजारचं उदाहरण देणारच. माथा ते पायथा कामं, बोअरवेलवर बंदी, पाण्याचा ताळेबंद, सगळं कौतुकाचंच आहे. पण तिथे गुंठ्याला पुण्याचा भाव नव्हता हो. आपल्याकडे ठरावावर हात वर करणाऱ्यांतच चार जण प्लॉटिंगवाले निघतात, सदस्य स्वतः एजंट असतो. त्यामुळे जागामालकाला शत्रू करू नका, त्याचं काय होणार हे आधी बोला. पालिकेच्या टेकड्यांवरच्या बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचं) हेच झालं, 1997 ला पालिकेत आलेल्या गावांमधली 978 हेक्टर जागा राखून ठेवली, 2015 ला मोबदला ठरला 8 टक्के टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), मालकांना तो परवडेना, आणि वाद अजून निघतच असतात. आरक्षण टाकणं सोपं, जागा ताब्यात येणं अवघड.

पालिका हद्दीत असाल तर नगरसेवकाची वाट बघत बसू नका, 2022 पासून कितीतरी वर्षं इथे नुसता प्रशासक होता आणि कामं तरी चालूच होती. क्षेत्रीय कार्यालयात जा. नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत पुण्यात 2006 पासून आहे, त्यात नदी वाचत नाही, पण कल्व्हर्टची जाळी, ओढ्याकाठचं कुंपण अशी छोटी कामं टाकता येतात. 1:5 पेक्षा जास्त उतारावर बांधकाम चालत नाही हा नियमही तोंडपाठ ठेवा, उतार सपाट करून मग नकाशा दाखल करायची युक्ती जुनी आहे, त्यामुळे टेकडी फोडायच्या आधीचे फोटो हवेत.

आणि पीएमआरडीएच्या किंवा पालिकेच्या विकास आराखड्याचं (कुठल्या जमिनीवर काय होणार तो, गावचा नव्हे) प्रारूप आलं की हरकत द्याच, सगळ्यात वजनदार जागा तीच. पीएमआरडीएच्या 2021 च्या प्रारूपावर हजारोंनी हरकती गेल्या, त्यातल्या झेरॉक्स काढून एकसारख्या दिलेल्या एका गठ्ठ्यात निघतात. तुमची वेगळी असू दे, गट नंबर, गाव नकाशाची प्रत, पावसातला फोटो आणि मागे ग्रामसभेचा ठराव जोडलेला. सुनावणीला ग्रुपमधला इंग्लिश बोलणारा पाठवू नका, ज्याची विहीर त्या ओढ्याखाली आहे त्याला पाठवा.