पहिला माणूस कामावर ठेवतोयस? मग हे आधी उरक

न्यू जर्सीत दुकान काढलंस, छान. पण डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा फॉर्म) भरून घेतला की फाइलला लावून विसरू नकोस. १९९६ च्या फेडरल कायद्याप्रमाणे नवा माणूस रुजू झाल्यापासून २० दिवसांत राज्याच्या 'न्यू हायर' नोंदणीत कळवावं लागतं: त्याचं नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, रुजू तारीख. पार्टटाइम पोरंही धरायची. मुलांची पोटगी थकवून नोकऱ्या बदलत फिरणारे आईबाप याच नोंदीवरून सापडतात. पुढे पोटगी पगारातून कापायचा आदेश आला तर मुकाट्याने काप आणि मुदतीत भर. त्यावरून माणसाला काढून टाकणं बेकायदा आहे. पेरोलवाला नोंद करतो म्हणतात खरं, तरी त्याला एकदा स्पष्ट विचारून घे. 'आपल्या गावचाच आहे, कशाला कळवायचं' हे मात्र अजिबात नको.